रोमन उत्सवातले परके सूर

रोमन माणसाच्या सणातून परकं तेवढं बाजूला काढलं, तर काय उरेल? देवापुढची प्रार्थना उरेल, बळी दिलेल्या बैलाच्या मांसाचं जेवण उरेल, सिनेटरांची मिरवायची हौसही उरेल. वाजणारं आणि नाचणारं मात्र जवळपास सगळं निघून जाईल. मिरवणुकीपुढचे कर्णे उत्तरेकडच्या एट्रुस्कन लोकांचे. नाटक ग्रीकांचं. डफ आणि झांजा आशिया मायनरच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या. इसिस देवीपुढे खुळखुळणारं सिस्ट्रम इजिप्तचं. मेजवानीत नाचणाऱ्या मुली स्पेनच्या पार दक्षिण टोकाच्या. पाण्याच्या दाबावर वाजणारा ऑर्गन अलेक्झांड्रियाचा.

असं का, याचं ठरलेलं उत्तर सगळ्यांना माहीत असतं: रोमने जग जिंकलं आणि जगातलं जे आवडलं ते घरी आणलं. हे उत्तर चूक नाही, पण त्याने समाधान होत नाही. ग्रीकांकडून रोमनांनी वक्तृत्व घेतलं, तत्त्वज्ञान घेतलं, काव्य घेतलं, आणि काही पिढ्यांत त्यात सिसेरोसारखे वक्ते आणि होरेससारखे कवी स्वतःचे उभे केले. नाच-गाण्यात मात्र शतकामागून शतकं गेली तरी रंगमंचावरचा माणूस बहुतेक वेळा परकाच राहिला. कुणी ग्रीक, कुणी सीरियन, कुणी गुलाम, कुणी गुलामीतून सुटलेला. घरच्या माणसाने ती जागा का घेतली नाही, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर कलेत शोधून सापडत नाही, ते कायद्यात आणि प्रतिष्ठेच्या कल्पनांत सापडतं.

सुरुवात एका साथीपासून होते. इ.स.पू. ३६४ मध्ये रोममध्ये रोगाने थैमान घातलं होतं. आदल्याच वर्षी कामिलससारखा नामांकित सेनानी त्यात गेला होता. औषध चालेना, नेहमीचे विधी चालेनात, तेव्हा देवांचा राग शांत करायला एट्रुरियातून नर्तक बोलावले गेले. इतिहासकार लिव्ही सांगतो की तोवर रोमनांचे खेळ म्हणजे मैदानातल्या शर्यती एवढंच होतं, रंगमंच हा प्रकार ठाऊक नव्हता. हे नर्तक गात नव्हते, कुठली गोष्टही सांगत नव्हते. टिबियाच्या सुरावर ते डौलात नाचत, एवढंच. टिबिया म्हणजे एका वेळी तोंडात धरायच्या दोन नळ्या. तिला बासरी म्हणायची पद्धत आहे, पण तिच्या तोंडाशी वेताची पत्ती असे. म्हणजे ती सनईच्या कुळातली, आणि आवाजही तसाच चढा, दूरवर जाणारा.

साथ काही त्याने हटली नाही. उलट खेळ चालू असतानाच टायबर नदीचं पाणी मैदानात घुसलं आणि लोक आणखी घाबरले. पण रोमच्या तरुणांना तो नाच आवडला. ते त्याची नक्कल करू लागले, मध्ये मध्ये एकमेकांना चिमटे काढणारी पदं घालू लागले. पुढे हा व्यवसाय झाला आणि पोरांच्या हातातून धंदेवाईक नटांकडे गेला. इथे लिव्ही एक गोष्ट जाता जाता नोंदवतो, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथेच आहे. तरुणांनी एक प्रहसनाचा प्रकार स्वतःकडे राखून ठेवला, धंदेवाईक नटांचा विटाळ त्याला होऊ दिला नाही. म्हणून ते प्रहसन करणाऱ्यांचा मताधिकाराचा गट शाबूत राहिला आणि त्यांना सैन्यातही जाता येई. बाकीच्या नटांना ही दोन्ही दारं बंद. गंमत म्हणून नाचा, पोटासाठी नाचलात तर नागरिक म्हणून तुमची किंमत गेली. आणि जे प्रहसन ‘आपलं’ म्हणून जपलं, तेही मुळात कँपानियातल्या ऑस्कन भाषिकांचं होतं.

वादकांचं स्थान मात्र जरा वेगळं होतं, कारण त्यांच्यावाचून देवाचं काम अडायचं. बळी देताना पुरोहित मंत्र म्हणत असेल आणि मध्येच कुणी शिंकलं, कुत्रं भुंकलं, तर अपशकुन. टिबियावाला शेजारी उभा राहून सतत वाजवत राही, म्हणजे बाहेरचा आवाज कानी पडायलाच नको. इ.स.पू. ३११ मध्ये याच वादकांनी रोमला आपली किंमत दाखवून दिली. ज्युपिटरच्या देवळात बसून जेवायचा त्यांचा जुना हक्क सेन्सॉर या अधिकाऱ्यांनी काढून घेतला. वादक चिडले आणि सगळेच्या सगळे उठून टिबूरला, म्हणजे आजच्या टिव्होलीला, निघून गेले. रोममध्ये विधीला वाजवायला माणूस उरला नाही. सिनेटने टिबूरकडे वकील पाठवले. टिबूरच्या लोकांनी आधी समजावून पाहिलं, ते जमेना तेव्हा युक्ती केली. सणाच्या निमित्ताने वादकांना घरोघरी जेवायला बोलावलं, भरपूर दारू पाजली, आणि झोपलेल्यांना गाड्यांत घालून रात्रीत रोमला पोचवलं. सकाळी उन्हं अंगावर आली तेव्हा मंडळी फोरममध्ये होती, डोकं जड, आणि भोवती रोमकरांची गर्दी. शेवटी तडजोड झाली. देवळातलं जेवण परत मिळालं, शिवाय वर्षातून तीन दिवस सजूनधजून वाजत-गाजत गावभर हिंडायची मुभा. जूनमध्ये हा वादकांचा सण पुढे कित्येक शतकं चालला. संप करून सण मिळवणारे कलावंत मला तरी दुसरे माहीत नाहीत.

पण हा मान विधीपुरता होता. देवाच्या नावाने परकी गोष्ट आत आली की रोम तिला जागा देई, आणि त्याच वेळी तिच्याभोवती कुंपणही घाली. याचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे महामाता सिबिली. रोमचा शत्रू असलेल्या कार्थेजचा सेनानी हॅनिबल इटलीत ठाण मांडून बसलेला असताना, इ.स.पू. २०५ मध्ये, आकाशातून दगडांचा वर्षाव झाल्याच्या बातम्या वारंवार येऊ लागल्या. भविष्यवाणीचे ग्रंथ उघडले गेले. आशिया मायनरमधल्या फ्रिजियातली माता रोमला आणा, शत्रू इटलीतून जाईल, असा त्यांतून अर्थ निघाला. इ.स.पू. २०४ च्या एप्रिलमध्ये देवी जहाजातून आली. तिचं रूप म्हणजे एक काळसर दगड. इ.स.पू. १९१ मध्ये पॅलाटिन टेकडीवर तिचं देऊळ झालं आणि तिच्या नावाने एप्रिलमधला मेगालेसिया हा उत्सव सुरू झाला.

देवीबरोबर तिचे भक्तही आले. हे ‘गल्ली’ म्हणवणारे पुजारी स्वतःचं लिंगच्छेदन करून घेतलेले असत. केस मोकळे, वस्त्रं रंगीबेरंगी, हातात डफ आणि झांजा, आणि साथीला टोकाशी वाकडं शिंग बसवलेली फ्रिजियन टिबिया. तंद्रीत येऊन ते नाचत, अंगावर फटके मारून घेत, वार करून घेत, आणि ठरलेल्या दिवशी दारोदार फिरून पैसे मागत. आपल्याकडे मरीआईचा पोतराज कडाडणारा कोरडा आणि डफडं घेऊन दारात आला की बायामाणसांच्या चेहऱ्यावर भक्ती आणि धास्ती एकदमच दिसते. रोमकर या मिरवणुकीकडे काहीशा तशाच नजरेने पाहत असावेत.

सिनेटने काय केलं, तर देवी ठेवली, उत्सव ठेवला, वाद्यं ठेवली, आणि रोमन नागरिकाने त्यात पुजारी व्हायचं नाही असा नियम केला. ग्रीक लेखक डायोनिसियस स्पष्ट लिहितो की त्या रंगीत झग्यात टिबिया वाजवत गावातून कुणी जन्माचा रोमन फिरत नाही. ते काम फ्रिजियन माणसानेच करायचं. उच्चकुलीन रोमन त्याच दिवशी एकमेकांच्या घरी मेजवान्या झोडत आणि देवळापुढे बसून नाटकं बघत. टेरेन्स या नाटककाराची पहिली नाटकं इथेच झाली. तो स्वतः आफ्रिकेतून आलेला, पूर्वी गुलाम असलेला. त्याच्या नाटकांना चाल लावणारा फ्लाकस हाही गुलाम. टेरेन्सचं एक नाटक इ.स.पू. १६५ मध्ये याच उत्सवात मध्येच बंद पडलं, कारण मुष्टियोद्धे आणि दोरावर चालणारा डोंबारी आल्याची हूल उठली आणि प्रेक्षक तिकडे वळले. दुसऱ्या प्रयोगाला तलवारबाज आडवे आले. तिसऱ्यांदा कुठे ते पूर्ण झालं.

सिबिलीच्या वादकांचं एक चित्र आजही पाहता येतं. पाँपेईजवळच्या, सिसेरोच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका वाड्यात सापडलेलं ते छोटंसं मोझेइक नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. सामोसच्या डिओस्कुरिडिसने त्यावर ग्रीक लिपीत सही केली आहे. घराच्या दारापुढे मुखवटे घातलेले फिरते वादक उभे आहेत. एक मोठा डफ वाजवत पुढे वाकला आहे, दुसरा बोटांतल्या लहान झांजा वाजवत पाऊल टाकतो आहे, मागे एक बाई जोड-टिबिया फुंकते आहे, आणि तिच्या शेजारी एक बुटकं पात्र आहे. इवल्याइवल्या खड्यांत कपड्यांच्या चुण्या आणि जमिनीवरच्या सावल्या पकडल्या आहेत. हा नाटकातला प्रसंग आहे असं मानतात. म्हणजे इटलीतल्या श्रीमंताच्या घरात ग्रीक कारागिराने केलेलं, ग्रीक नाटकातलं, आशियाई देवीच्या वादकांचं चित्र. तो काळ इतका मिसळलेला होता.

लढाया जिंकल्या की हे मिसळणं वेग घेई. इ.स.पू. १८७ मध्ये मान्लियस वुल्सो आशियातून विजयी होऊन परतला. त्याच्या सैनिकांनी पितळी पलंग, भारी गालिचे आणले, आणि त्याच लाटेत मेजवानीत तंतुवाद्यं वाजवणाऱ्या मुली आल्या, असं लिव्ही खंत करत लिहितो. त्याच्या मते रोमच्या ऱ्हासाचं बी तिथे पडलं. पुढच्याच वर्षी मद्यदेव बाकसच्या गुप्त उपासनेवर सिनेटने घाव घातला. आरोपांत एक असाही होता की डफ-झांजांच्या गलक्यात पीडितांच्या किंकाळ्या दडपल्या जातात. वाद्य तेच, पण सरकारी देवळात वाजलं तर पवित्र आणि रानात रात्री वाजलं तर कट.

सगळ्यांत चमत्कारिक प्रसंग मात्र लुसियस आनिसियसच्या विजयोत्सवातला. इ.स.पू. १६८ मध्ये त्याने इलिरियाचा राजा जेंथियस याला पकडलं. उत्सवासाठी मैदानात भलामोठा रंगमंच उभारला, आणि ग्रीसमधले त्या काळचे सर्वांत नावाजलेले वादक आणले: बिओशियाचा थिओडोरस, थिओपोम्पस, हर्मिपस. त्यांना नर्तकांच्या ताफ्यासह एकदम वाजवायला लावलं. ते आपल्या पद्धतीने, सुरेल, हालचालींसकट वाजवू लागले. आनिसियसने निरोप धाडला: वाजवणं बरं नाही, जरा लढा. वादक गोंधळले. मग एका शिपायाने हातवारे करून दाखवलं की मागे वळा आणि एकमेकांवर चाल करून जा. कळल्यावर त्यांनी ताफ्याचे दोन भाग केले, आणि बेसूर फुंकत, पाय आपटत एकमेकांवर धावून गेले. एका नर्तकाने झगा खोचला आणि समोरच्या वादकाकडे मूठ उगारली. मैदान टाळ्यांनी दुमदुमलं. त्यात आणखी दोन नर्तक उतरले, चार मुष्टियोद्धे कर्णेवाल्यांसह रंगमंचावर चढले, आणि सगळे एकदम सुरू झाले. हे आपल्याला सांगणारा पॉलिबियस ग्रीक होता आणि त्या काळात रोममध्ये ओलीस म्हणून राहत होता. शोकनाटकाच्या नटांचं काय झालं हे मी सांगितलं तर लोकांना वाटेल मी थट्टा करतोय, असं म्हणून तो थांबतो.

हा प्रसंग रोमन अडाणीपणाचा नमुना म्हणून सांगितला जातो. मला तो तेवढा सोपा वाटत नाही. ग्रीसमध्ये हे वादक स्पर्धांत बक्षिसं जिंकत, आपापल्या गावाचा अभिमान असत, त्यांचे पुतळे उभे राहत. रोममध्ये विजयोत्सवाचा अर्थच असा होता की हरलेल्यांचं जे काही मौल्यवान ते जिंकणाऱ्याच्या हुकमाने हलावं. राजा साखळदंडात चालतो, सोनं गाड्यांतून जातं, तसे वादकही. आनिसियसला संगीत कळत होतं की नाही, हा मुद्दा गौण आहे. कलावंत कुणाच्या सांगण्यावरून वाजवतो, हे त्याने हजारोंना दाखवलं.

गुलामांच्या बाजारातली गोष्ट याहून सरळ. सिसिलीचा बदनाम सुभेदार व्हेरेस याच्या माणसांनी चाच्यांचं एक जहाज पकडलं, तेव्हा त्यावरचे सहा वादक त्याने रोममधल्या मित्राला भेट म्हणून पाठवून दिले. हे सिसेरोच्या आरोपपत्रात आहे. माणसं भेटीदाखल पाठवणं त्या काळात नवलाचं नव्हतं, सिसेरोचा आक्षेप एवढाच की त्यांना चाचे म्हणून शिक्षा व्हायला हवी होती.

हा बाजार आपल्या किनाऱ्यापर्यंत पोचत होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या समुद्रप्रवासाच्या मार्गदर्शिकेत बॅरिगाझा, म्हणजे भडोच बंदरात काय खपतं याची यादी आहे. राजासाठी खास माल म्हणून तो चांदीची भांडी, उंची दारू, देखण्या मुली आणि गाण्या-वाजवण्यात तयार केलेली मुलं सांगतो. तो राजा म्हणजे क्षत्रप नहपान असं बहुतेक अभ्यासक मानतात, ज्याच्या जावयाचे शिलालेख नाशिकच्या लेण्यांत आहेत. याच मार्गदर्शिकेत पैठण, तेर आणि कल्याणचीही नावं येतात. म्हणजे रोमला जशी सीरियाची मुलं विकली जात, तशीच भूमध्य समुद्राकडची मुलं सह्याद्रीच्या राजाकडेही येत होती. त्या मुलांनी इथे काय वाजवलं असेल, कुठल्या भाषेत गायली असतील, हा विचार नाशिकच्या त्या लेण्यांत उभं राहिलं की माझ्या मनातून जात नाही.

पुन्हा रोमकडे. ऐकायला आणि बघायला सगळ्यांना आवडत होतं, तर शिकायला का नको? शिकत होते की. आणि त्यावरून गहजबही होत होता. इ.स.पू. १२९ मध्ये स्किपियो एमिलियानसने भाषणात सांगितलं की तो एका नृत्यशाळेत गेला, तिथे पाचशेहून अधिक मुलंमुली होती, आणि त्यांत एका उमेदवाराचा बाराएक वर्षांचा मुलगा हातात चिपळ्या घेऊन असा नाचत होता की निलाजऱ्या गुलामालाही ते शोभलं नसतं. ज्याने कार्थेज जाळलं त्याला हे बघून देशाची कीव आली. इ.स.पू. ११५ च्या सेन्सॉरांनी तर रंगमंचावरच्या कलाच शहरातून हद्दपार केल्या, देशी टिबियावादक आणि त्याच्या जोडीचा गायक तेवढा वगळून. इ.स.पू. ६३ मध्ये मुरेना या निवडून आलेल्या कॉन्सलला, म्हणजे रोमच्या सर्वोच्च अधिकाऱ्याला, विरोधकांनी ‘नाच्या’ म्हटलं, तेव्हा त्याचा वकील सिसेरो म्हणाला की शुद्धीवरचा माणूस सहसा नाचत नाही, वेडा असला तर गोष्ट वेगळी. अशिलाच्या बचावाचा हा युक्तिवाद होता, यावरून नाचण्याच्या आरोपाचं वजन कळतं.

कायद्याने हे वजन पक्कं केलं. पैसे घेऊन रंगमंचावर उभं राहणाऱ्याला ‘इन्फामिया’ लागे, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तो बदनाम. त्याला नगरसभेत बसता येत नसे, न्यायालयातले त्याचे हक्क कमी होत. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळात सिनेटरांच्या घराण्याला, पणतवंडांपर्यंत, नटीशी किंवा नटाच्या मुलीशी लग्न करायला बंदी आली. ज्याच्याकडे गमावण्यासारखं काही होतं तो या वाटेला जाणं शक्यच नव्हतं. परक्याकडे आणि गुलामाकडे ते मुळातच नव्हतं. म्हणून ती जागा त्यांची.

हा कायदा एका माणसावर कसा चालला, ते लाबेरियसच्या बाबतीत दिसतं. देसिमस लाबेरियस हा ‘इक्वेस’ या वरच्या वर्गातला, प्रहसनं लिहिणारा. लिहायला हरकत नव्हती, उभं राहायला होती. इ.स.पू. ४६ मध्ये सीझरने आपल्या विजयोत्सवात साठी गाठलेल्या या माणसाला स्वतःच्या प्रहसनात काम करायला भाग पाडलं. लाबेरियसने आपल्या नांदीत हे दुःख बोलून दाखवलं: साठ वर्षं डाग लागू दिला नाही, आज घरातून सरदार म्हणून निघालो, परत जाईन तो भांड म्हणून. स्पर्धेत त्याच्यासमोर होता पब्लिलियस, सीरियातून गुलाम म्हणून आलेला आणि आपल्या हुशारीवर मुक्त झालेला. सीझरने निकाल पब्लिलियसच्या बाजूने दिला. लाबेरियसला पाच लाख सेस्टर्स आणि त्याच्या वर्गाची सोन्याची अंगठी परत मिळाली. तो प्रेक्षकांत आपल्या वर्गासाठी राखलेल्या रांगांकडे जागा शोधत गेला, तर सिसेरोने टोमणा मारला: दिली असती जागा, पण मलाच दाटी होतेय. पब्लिलियससाठी रंगमंच ही वर चढायची एकमेव शिडी होती, लाबेरियससाठी तीच घसरण.

त्याच उत्सवात सीझरने शहराच्या वेगवेगळ्या भागांत सगळ्या भाषांतले नट उभे केले आणि आशिया-बिथिनियातल्या सरदारांच्या मुलांकडून शस्त्रनृत्य करवलं. रोममध्ये तोवर सगळ्या भाषा बोलणारे लोक राहत होतेच. सणात त्यांना त्यांच्या भाषेतला खेळ मिळाला, आणि सीझरला आपलं राज्य किती दूरवर आहे हे मिरवता आलं.

मग सगळ्या भाषांवर मात करणारी कला आली. इ.स.पू. २२ च्या सुमारास सिलिशियाच्या पिलाडिसने आणि अलेक्झांड्रियाच्या बाथिलसने पँटोमाइम हा प्रकार रोममध्ये नावारूपाला आणला. एकच नर्तक, ओठ मिटलेला मुखवटा, अंगावर रेशमी झगा. गाणार ते मागचे लोक. वाद्यांचा मोठा ताफा, आणि ताल धरायला एक वादक पायाखाली लाकडी फळ्यांची टाळी वाजवत असे. नर्तक मुखवटे बदलत एकामागून एक सगळी पात्रं करी: देव, राणी, म्हातारा, वेडा झालेला वीर. बोलायचं ते फक्त हातांनी आणि अंगाने.

सीरियन लेखक ल्युशियन याने यातल्या दोन आठवणी लिहून ठेवल्या आहेत. डेमेट्रियस नावाचा तत्त्वज्ञ म्हणे की या कलेत नर्तक काही करत नाही, लोक भुलतात ते संगीताला आणि रेशमाला. नर्तकाने वादक-गायकांना गप्प बसवलं आणि एकट्याने मार्स आणि व्हीनसची चोरटी भेट, सूर्याने केलेली चहाडी, पसरलेलं जाळं, भोवती जमलेले देव असा सगळा प्रसंग उभा केला. डेमेट्रियस ओरडला, अरे, मला हे नुसतं दिसत नाही, ऐकू येतंय, तू हातांनी बोलतोयस! दुसरी आठवण पाँटस प्रांतातल्या एका अर्धग्रीक राजाची. तो सम्राट नीरोच्या दरबारी आला होता. गाणं त्याला कळेना, नाच मात्र सगळा कळला. निघताना नीरो म्हणाला, हवं ते माग. त्याने तो नर्तक मागितला. माझ्या शेजारच्या लोकांची भाषा वेगळी, दुभाषे मिळत नाहीत, हा खुणांनी सगळं समजावेल, असं त्याचं म्हणणं.

अशा कलावंताच्या मागे लोक वेडे झाले नसते तरच नवल. पिलाडिस आणि बाथिलसच्या चाहत्यांत तंटे होत. इ.स. १५ मध्ये नाट्यगृहातल्या दंगलीत नागरिक तर मेलेच, सैनिक आणि त्यांचा एक सेंच्युरियन, म्हणजे तुकडीचा नायकही मेला. सिनेटने ठराव केला की सिनेटरांनी नटांच्या घरी पाऊल ठेवू नये आणि इक्वेस मंडळींनी रस्त्यात त्यांच्या मागेमागे फिरू नये. असा ठराव करावा लागला, म्हणजे दोन्ही गोष्टी राजरोस चालू होत्या. इ.स. २३ मध्ये सम्राट टायबेरियसने नटांना इटलीतूनच हाकललं. पुढच्या सम्राटाने परत बोलावलं.

घरगुती मेजवान्यांत वेगळाच रंग होता. काडिझच्या, तेव्हाच्या गादेसच्या, मुली बोटांत करताल घेऊन कंबर लचकवत जमिनीपर्यंत झुकत. त्यांच्याशिवाय चैनीची मेजवानी पुरी होत नसे. धाकट्या प्लिनीने एका मित्राला लिहिलेलं पत्र यासाठी वाचण्यासारखं आहे. मित्र जेवायला येतो म्हणाला आणि आला नाही. प्लिनीने माणशी एक लेट्यूस, तीन गोगलगायी, दोन अंडी, बर्फ घातलेलं मधाचं मद्य असा बेत केला होता, आणि करमणुकीला नट, वाचक, वीणावादक. तू मात्र कुणाकडे तरी कालवं, डुकरिणीचं गर्भाशय आणि गादेसच्या पोरी पसंत केल्यास, असा तो रागावतो. सभ्य माणसाने काय ऐकावं आणि काय टाळावं, याची रेघ त्याच्या मनात स्पष्ट होती, आणि मित्र त्या रेघेच्या पलीकडे जेवत होता.

रेघ ओलांडण्यात सर्वांत पुढे गेला तो नीरो. इ.स. ६४ मध्ये नेपल्समध्ये तो स्वतः जाहीरपणे गायला. तिथे आलेल्या अलेक्झांड्रियाच्या लोकांनी तालात टाळ्या वाजवून त्याला दाद दिली. त्याला ती इतकी आवडली की त्याने पाच हजारांहून अधिक तरुणांना टाळ्यांचे प्रकार शिकवायची व्यवस्था केली. एका प्रकाराचं नाव ‘मधमाश्या’, बाकीची ‘कौलं’ आणि ‘विटा’. परकी दादसुद्धा आयात झाली. त्याच्या क्रौर्यावर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत, पण रोमच्या उच्चभ्रूंना सर्वांत झोंबलं ते सम्राटाने नटाच्या जागी उभं राहणं, हे त्यांच्याच लिखाणातून पानोपानी जाणवतं.

पाण्याच्या ऑर्गनची वाट मात्र शांतपणे घडली. अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियसने इ.स.पू. तिसऱ्या शतकात तो बनवला. लिबियातल्या झ्लिटेनच्या मोझेइकमध्ये तलवारबाजांच्या झुंजीशेजारी एक बाई तो वाजवताना दिसते. आजच्या बुडापेस्टमधल्या अक्विंकम इथे १९३१ मध्ये एका लहान ऑर्गनचे अवशेष सापडले. त्यावरच्या पाटीनुसार तो इ.स. २२८ मध्ये आग विझवणाऱ्यांच्या मंडळाला भेट मिळाला होता.

चौथ्या शतकात अंतिओकचा ग्रीक इतिहासकार अम्मियानस रोममध्ये राहिला. तो लिहितो की घराघरांतली ग्रंथालयं थडग्यांसारखी बंद आहेत आणि गाड्यांएवढ्या वीणा व पाण्याचे ऑर्गन बनताहेत. मग शहरात धान्याची टंचाई झाली. परक्यांना शहराबाहेर काढण्याचा हुकूम निघाला. शिक्षक आणि विद्वान श्वास घ्यायलाही न थांबता हाकलले गेले. तीन हजार नर्तकी, त्यांचे गायकांचे ताफे आणि तितकेच नृत्यगुरू यांना कुणी विचारलंसुद्धा नाही. ते राहिले. त्यांच्यापैकी कुणाला हा धंदा सोडून निघून जावंसं वाटलं असतं, तर तेही सोपं नव्हतं. त्याच शतकातल्या कायद्यांनुसार नटीची मुलगी आईच्या धंद्याला बांधलेली असे. मरणाच्या दारात बाप्तिस्मा घेतलेली नटी पुढे बरी झाली, तर तिला पुन्हा रंगमंचावर ओढता येत नसे.